पावणेनऊ मिलिमीटर

कुत्र्याचा गुडघा नेमका कुठे असतो, हे विचारलं तर दहातली नऊ माणसं चुकीच्या जागी बोट ठेवतात. मागच्या पायाला खाली जो उलटा वाकलेला कोन दिसतो ना, तो गुडघा नाही. ती टाच. कुत्री आयुष्यभर चवड्यांवर चालतात. खरा गुडघा वर असतो, पोटाच्या जवळ, केसांत आणि मांडीच्या स्नायूंत लपलेला. आणि कुत्र्यांच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांचं निम्मं दुकान या लपलेल्या सांध्यावर चालतं असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

हे सगळं ज्ञान मला आमच्या गोटीमुळे झालं. गोटी म्हणजे लॅब्रॅडॉर, मादी, तेव्हा वय वर्षे सात, वजन ३२ किलो. २०२३ च्या जुलैत एका सकाळी टेकडीवरून परत येताना ती डावा मागचा पाय टेकवेना. ना कुठे पडली, ना कुणाशी भांडली, ना केकाटली. नुसती तीन पायांवर चालत घरी आली आणि नेहमीसारखी पाणी प्यायली. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. दोन दिवसांनी गुंगीचं औषध देऊन तपासणी झाली, एक्स-रे निघाले, आणि निदान आलं : क्रेनियल क्रूशिएट लिगामेंट तुटलंय.

माणसांच्या बाबतीत आपण ज्याला एसीएल म्हणतो, तेच हे. फुटबॉलपटूंचं तुटतं ते. मला वाटलं, हातात जुनी ओळखीची केस आहे. ऑफिसात आमच्या टीममधल्या दोघांचं एसीएलचं ऑपरेशन झालेलं. मांडीच्या मागचा एखादा स्नायूबंध काढतात, त्याचं नवीन लिगामेंट करून आत बसवतात, सहा-नऊ महिने फिजिओथेरपी, खेळ खल्लास. पण डॉक्टर म्हणाले, "कुत्र्यात आपण बहुधा लिगामेंट बसवतच नाही. तुटलेलं तुटलेलंच राहू देतो."

आता आली का पंचाईत! तुटलेलं ठेवून दुरुस्ती कसली?

तर त्याची गोष्ट अशी आहे. गुडघ्यात वर मांडीचं हाड, खाली नडगीचं हाड. नडगीच्या हाडाचा वरचा माथा सपाट असावा असं आपल्याला वाटतं, पण तो सपाट नसतो, मागच्या बाजूला उतरता असतो. माणसात हा उतार १० अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी. कुत्र्यात मात्र सरासरी २२ ते २६ अंश. वर माणूस उभा राहतो तो गुडघा सरळ करून. कुत्रा कायम गुडघा वाकवूनच उभा असतो. म्हणजे कुत्र्याने पायावर भार टाकला, की प्रत्येक पावलाला मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू बघतं आणि नडगीचं हाड पुढे सटकू बघतं. त्याला धरून ठेवणारा दोर म्हणजे हे लिगामेंट.

घाटातल्या चढावर हातगाडी उभी आहे आणि तिला एका दोराने वरच्या झाडाला बांधलंय असं डोळ्यासमोर आणा. दोर चोवीस तास ताणलेला. कुत्रं नुसतं उभं असलं तरी दोरावर ताण आहेच. म्हणून माणसाचं लिगामेंट बहुतेक वेळा एका झटक्यात, अपघाताने तुटतं, आणि कुत्र्याचं मात्र महिनोन्‌महिने झिजत झिजत, एकेक तंतू उसवत जातं. शेवटच्या दिवशी ते टेकडीवर तुटतं, पण टेकडी फक्त निमित्त. लॅब्रॅडॉर, रॉटवायलर, न्यूफाउंडलंड या जातींत हे जास्त दिसतं, वजन जास्त असेल तर धोका वाढतो. आणि झीज एकाच गुडघ्यात होत नसल्यामुळे, एक तुटलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचा दुसराही गुडघा पुढेमागे जातो. हा आकडा ऐकल्यावर आमच्या घरात जरा वेळ कुणी बोललं नाही.

पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं, की या एका दोराच्या मागे पशुवैद्यक मंडळी सत्तर वर्षांहून जास्त काळ लागलेली आहेत. आणि हा इतिहास आपल्या धंद्यातल्या लोकांनी वाचावा असा आहे.

पहिली पिढी म्हणाली, दोर तुटला ना, मग नवा दोर लावा. फिनलंडमध्ये साकी पात्सामा यांनी १९५२ साली आपल्या प्रबंधात कुत्र्याच्याच मांडीवरच्या पडद्याची पट्टी काढून, हाडांना भोकं पाडून, ती सांध्यातून ओवून लिगामेंटच्या जागी बसवली. माणसांत हाच मार्ग पुढे बहरला. कुत्र्यांत तितका भरवशाचा ठरला नाही, कारण उघड आहे : ज्या उताराने पहिला दोर खाल्ला तो उतार तिथेच आहे, आणि पेशंटला "सहा आठवडे पायावर भार देऊ नका" असं सांगायची सोय नाही.

दुसरी पिढी म्हणाली, सांध्याच्या आत नको, बाहेरून बांधू. १९७० मध्ये डीअँजेलिस आणि लाऊ यांनी ही पद्धत मांडली. गुडघ्याच्या मागे कुत्र्याला एक छोटंसं, वाटाण्याएवढं हाड असतं, त्याच्या भोवतीने जाड नायलॉन घ्यायचं आणि नडगीच्या पुढच्या उंचवट्याला पाडलेल्या भोकातून ओढून आवळायचं. हे नायलॉन म्हणजे मोठे मासे पकडायच्या गळाला लावतात तसलं. गंमत म्हणजे हे नायलॉन पुढे सैल होणार किंवा तुटणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तोवर सांध्याभोवती जाडसर ऊती तयार होतात आणि त्या सांधा धरून ठेवतात. म्हणजे तात्पुरता पॅच टाकायचा आणि त्याच्या आडोशाने शरीराला स्वतःचं काम करू द्यायचं. लहान कुत्र्यांसाठी ही पद्धत आजही वापरतात.

तिसऱ्या पिढीने प्रश्नच बदलला. अमेरिकेत ओरेगनमधल्या युजीन गावी बार्कले स्लोकम नावाचे पशुवैद्य होते. त्यांनी १९८३ साली थेरेसा डिव्हाइन यांच्यासोबत लिहिलं, की मूळ भानगड दोराची नाहीच, भार पडल्यावर नडगीच्या हाडाला पुढे ढकलणाऱ्या जोराची आहे. आणि तो जोर उतारातून येतो. मग उतारच काढून टाकला तर? गाडी सपाट रस्त्यावर उभी असेल तर दोर लागतोच कशाला?

यातून १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली शस्त्रक्रिया म्हणजे टीपीएलओ, म्हणजे टिबियल प्लॅटो लेव्हलिंग ऑस्टिओटॉमी. नाव भारदस्त, कल्पना शाळेतल्या भूमितीची. अर्धगोल पात्याच्या करवतीने नडगीच्या हाडाचा माथा गोलाकार कापायचा, तो तुकडा त्याच गोलाईवर फिरवायचा, उतार ५ अंशांच्या आसपास आला की थांबायचं, आणि प्लेट व स्क्रू लावून पक्कं करायचं. गोल कापल्यामुळे कितीही फिरवला तरी तुकडा खालच्या हाडाला चिकटूनच राहतो. स्लोकम यांनी याचं पेटंटही घेतलं होतं, आणि सुरुवातीची बरीच वर्षं त्यांचा कोर्स केल्याशिवाय सर्जनला ही शस्त्रक्रिया करता येत नसे. (सॉफ्टवेअर पेटंटवर तावातावाने वाद घालणाऱ्या मित्रांनी याची नोंद घ्यावी.) पुढे २००२ मध्ये झुरिकच्या माँताव्हाँ आणि टेपिच यांनी टीटीए नावाची दुसरी पद्धत आणली. त्यात माथ्याला हात न लावता नडगीचा पुढचा उंचवटा पुढे सरकवतात, म्हणजे गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायूबंधाची ओढ माथ्याशी काटकोनात येते. यातले टेपिच हे मूळचे इंजिनियर, हे कळल्यावर मला उगाचच आनंद झाला :)

गोटीचा उतार निघाला २६ अंश. डॉक्टरांनी एक्स-रेवर रेघा मारून दाखवल्या. करवतीची त्रिज्या २४ मिलिमीटर. २६ वरून ५ वर यायचं म्हणजे २१ अंश फिरवायचं. आता ऑपरेशन टेबलावर कुणी कोनमापक घेऊन बसत नाही, म्हणून कापण्याआधी हाडावर दोन खुणा करतात आणि त्या जुळेपर्यंत तुकडा फिरवतात. त्या खुणांमधलं अंतर तयार तक्त्यातून बघतात. मी घरी येऊन गणित मांडलं. दहावीच्या भूमितीतली जीवा आठवते का? दोन गुणिले त्रिज्या गुणिले निम्म्या कोनाचा साइन. उत्तर आलं ८.७५. पावणेनऊ मिलिमीटर! एका ३२ किलोच्या जिवाचं पुढचं चालणं शर्टाच्या बटणापेक्षाही कमी अंतरावर अवलंबून होतं.

पण निर्णय गणिताने होत नाही. आमच्या घरात तो तसा झालाही नाही.

आईचा सरळ विरोध होता. "अरे, मुकं जनावर. हाड कापायचं म्हणे! गावाकडं आपल्या मोत्याचा पाय गेला होता, तीन पायांवर जगलाच की तो आठ वर्षं. कुणी केलं होतं त्याचं ऑपरेशन?"

आईला उत्तर द्यायला म्हणून मी शोधायला बसलो, आणि सापडलं ते आईच्याच बाजूचं. व्हॅसर नावाच्या पशुवैद्याने १९८४ मध्ये ऑपरेशन न केलेल्या कुत्र्यांचा हिशेब छापला होता. १५ किलोच्या आतल्या कुत्र्यांपैकी सुमारे ८६ टक्के नुसत्या विश्रांतीने बरे झाले किंवा सुधारले. १५ किलोच्या वरच्यांत हे प्रमाण होतं फक्त १९ टक्के. मोत्याला कधी कुणी तराजूत घातलं नव्हतं, पण तो काटक गावठी कुत्रा नक्कीच १५ च्या आतला होता. म्हणजे आईने बघितलेलं शंभर टक्के खरं होतं. फक्त गोटी मोत्या नव्हती.

दुसरी बाजूही वाचली. २०१३ साली अमेरिकेत वजनदार कुत्र्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. एका गटाला टीपीएलओ, वजन घटवणं आणि फिजिओथेरपी, दुसऱ्याला ऑपरेशन सोडून बाकी सगळं. वर्षाअखेर पहिल्या गटातले ७५ टक्के यशस्वी ठरले, दुसऱ्यातले जवळपास ६४ टक्के. म्हणजे ऑपरेशन सरस, पण ऑपरेशनशिवायचे सगळे वाया गेले असंही नाही. त्याच वर्षी टीपीएलओ आणि नायलॉनची तुलना करणारा ८० कुत्र्यांचा अभ्यास आला. त्यात वर्षभरानंतर दहापैकी नऊ किंवा जास्त गुण देणारे मालक टीपीएलओच्या बाजूला ९३ टक्के होते, नायलॉनच्या बाजूला ७५.

हे आकडे बायकोसमोर ठेवले. ती म्हणाली, "आकडे ठीक आहेत. पण तिला विचारता आलं असतं तर ती काय म्हणाली असती?"

खरी अडचण ही आहे. माणूस ऑपरेशनच्या कागदावर सही करतो तेव्हा तीन महिन्यांच्या त्रासाच्या बदल्यात पुढची वर्षं मिळणार, हा सौदा त्याला समजलेला असतो. कुत्र्याला पुढची वर्षं ठाऊकच नाहीत. त्याच्या दृष्टीने काय होतं? त्याच्या माणसांनी त्याला गाडीत घातलं, एका वासाच्या खोलीत सोडलं, आणि जाग आली तेव्हा पाय पेटलेला होता. सही आपली, पाय त्याचा. त्यामुळे "मी असतो तर केलं असतं" हे उत्तर पुरत नाही. मला शेवटी पटला तो मुद्दा वेगळाच होता. ऑपरेशन नाही केलं तरी त्रास टळत नव्हता, तो फक्त पसरट होणार होता. सैल सांध्यात हाड पुढेमागे सरकतं, आतली मेनिस्कसची गादी फाटते, संधिवात वाढतो. आणि हे सगळं कुत्रं सहन करतं, कारण ते सांगत नाही. लंगडणं हीच त्याची तक्रार. लंगडणाऱ्या कुत्र्याबद्दल आपण सर्रास म्हणतो, "दुखत नाहीये, नुसतं लंगडतंय." दुखत नसतं तर ते लंगडलं कशाला असतं?

खर्चाबद्दलही बोलायला हवं, कारण सगळे आडून आडून तेच विचारतात. बिल एका बऱ्यापैकी लॅपटॉपच्या किमतीला भिडलं. एक काका म्हणाले, "एवढ्यात चार कुत्री आली असती." आली असती. पण त्यातली एकही गोटी नसती, एवढंच मी बोललो. प्रत्येकाला हा खर्च परवडेलच असं नाही, आणि ज्याला परवडत नाही त्याचं कुत्र्यावर प्रेम कमी आहे असं तर मुळीच नाही. १९ टक्के काय किंवा ६४ टक्के काय, म्हणजे शून्य नव्हे. वजन खाली, उड्या बंद, वेदनाशामक औषध डॉक्टरांच्या सांगण्यानुसार : एवढं नेटाने केलं तरी पुष्कळ होतं.

ऑपरेशन दीड-दोन तासांत आटोपलं. गादीचा फाटलेला कोपरा तेवढा काढला. दुसऱ्या दिवशी गोटी पाय हलकेच टेकवायला लागली आणि आम्हाला वाटलं, जिंकलो. पण खरं काम इथून सुरू झालं.

हाड जुळायला साधारण आठ आठवडे लागतात. तोवर पळणं नाही, उडी नाही, जिना नाही, सोफा नाही. दर वेळी पट्टा लावून पाच मिनिटं, तेही शू-शीपुरतं. पोटाखालून जुना टॉवेल घालून आधार द्यायचा. हॉलमधल्या गुळगुळीत टाइल्सवर घरातल्या झाडून सगळ्या चटया, सतरंज्या, पायपुसणी पसरली होती. एका कोपऱ्यात जाळीचं कुंपण. दारावरची बेल काढून ठेवली, कारण बेल वाजली की गोटी दाराकडे धावणार. कुरिअरवाल्यांना सोसायटीचे वॉचमनकाका खालूनच सांगायचे, "वर बेल नाही, फोन करा. कुत्रीचं ऑपरेशन झालंय." अवघड काळ पहिले दोन आठवडे नव्हते. अवघड होता पाचवा आठवडा. दुखणं थांबलेलं, हाड जुळलेलं नाही, आणि गोटीच्या मते ती ठणठणीत. प्लेट आणि स्क्रू ढिले होतात ते बहुतेक अशाच उत्साहाच्या भरात. त्या दिवसांत कुंपणाशी राखण करत बसायची कोण? तर आई. मांडीवर शेंगांची पाटी, समोर गोटी, आणि दोघींचा अखंड संवाद. "गप बस. तुझा पाय काय मोत्याचा आहे व्हय?"

आठव्या आठवड्यातल्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. त्या दिवशी डॉक्टरांनी मला एक गोष्ट करून दाखवली, ती मी अजून विसरलेलो नाही. एका हाताने मांडीचं हाड धरलं, दुसऱ्याने नडगीचं, आणि ते हलकेच पुढे ओढलं. पहिल्या तपासणीत सरकलं होतं तसंच ते टेबलाच्या खणासारखं पुढे सरकलं. दोर नव्हताच ना तिथे! पण खाली ठेवल्यावर गोटी चारी पायांवर भार टाकून उभी राहिली आणि काहीही सरकलं नाही. बग तिथेच आहे. फक्त आता कुठलंच पाऊल त्याला चाळवत नाही.

आमच्या धंद्यात याला काही लोक "वर्कअराउंड" म्हणून नाक मुरडतील. मला तसं वाटत नाही. तुटलेला भाग जशाचा तसा परत बसवणं म्हणजेच दुरुस्ती, हा आपला हट्ट असतो. तो भाग सतत ताणाखाली का होता, हे बघणारा माणूस अंमळ जास्त शहाणा. अर्थात यालाही किंमत आहेच. उतार गरजेपेक्षा जास्त काढला तर मागच्या लिगामेंटवर ताण येतो. पाय आत वळण्याची ओढ टीपीएलओने पूर्ण थांबत नाही. आणि संधिवात हळूहळू पुढे सरकतोच, त्याचा वेग कमी करणं एवढंच आपल्या हातात. थंडीच्या सकाळी गोटीची पहिली दहा पावलं आजही आखडलेली असतात.

उजवा गुडघा अजून शाबूत आहे. वजन २८ किलोवर आणलंय आणि ते तिथेच राहावं म्हणून घरात रोज तहाची बोलणी चालू असतात. (तूप लावलेल्या पोळीचा तुकडा म्हणजे "एवढंसं" नव्हे, हे कलम अजून दुसऱ्या पक्षाला मंजूर नाही.)

असो. तुमच्याकडे मोठ्या जातीचं कुत्रं असेल तर आज घरी गेल्यावर ते बसतं कसं ते बघा. दोन्ही पाय अंगाखाली घेऊन चौकोनी बसतं, की एक पाय बाजूला फेकून? आधी नीट बसणारं कुत्रं असं तिरकं बसायला लागलं असेल, तर "मुरगळला असेल" म्हणून पंधरा दिवस वाट बघू नका. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : उतार किती अंश आहे, गादी शाबूत आहे का, आणि आमच्या कुत्र्याचं वजन किती असायला हवं? चौथा प्रश्न घरच्यांना विचारायचा : आठ आठवडे कुंपणाशी कोण बसणार?

आणि हॉलमध्ये चटया टाका. त्यासाठी लिगामेंट तुटायची वाट बघायची गरज नाही.